कात्रीसाठी ठेवलेलं बदक

मिस्टर स्लावेकांनी त्यांच्या लग्नाची गोष्ट मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा बायको वेगळी होती. पहिल्यांदा ती दातांची डॉक्टर होती, दुसऱ्यांदा ट्रामवरची तिकीट तपासनीस. तिसऱ्यांदा ते म्हणाले, माझं लग्नच झालेलं नाही, तू कुणाबद्दल विचारतोयस?

परवा पुण्याहून एका मुलीचा फोन आला. सिनेमा शिकते. स्लावेकांवर काहीतरी लिहिते आहे, आणि लंडनजवळ स्लाऊला त्यांच्या घरात आम्ही अडीच वर्षं भाड्याने राहिलो होतो हे तिला कुठून तरी कळलेलं. तिने विचारलं, "सर, माणूस म्हणून ते कसे होते?" मी चांगला अर्धा तास बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की जे सांगितलं त्यातलं खरं किती हे मलाच माहीत नाही. म्हणून जेवढं डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढं लिहून काढतो. त्यांच्या तोंडून आलेल्या गोष्टींची हमी मी देत नाही.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी स्लाऊला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होतो. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि इंजिनियर झालेला तर आमच्या आसपासच्या पाच-सात गावांत पहिला. हे सांगायला मी कधी लाजत नाही. स्लावेकांनाही पहिल्या भेटीतच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून मला नावाने एकदाही हाक मारली नाही. "इंजिनियर, उद्या कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा." "इंजिनियर, तुझ्या बायकोने आज काय जाळलं?"

घर ट्रेडिंग इस्टेटच्या, म्हणजे कारखाने-गोदामांच्या वसाहतीच्या, मागच्या रस्त्यावर, लाल विटांच्या एकसारख्या रांगेत. खाली ते, वर आम्ही. पंच्याहत्तरीचा माणूस, दाराच्या चौकटीत डोकं वाकवून शिरणारा, हिवाळ्या-उन्हाळ्यात तोच तपकिरी स्वेटर. इस्टेटमधल्या एका गोदामात त्यांनी वीस वर्षं माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवली होती. त्याआधी ते चेकोस्लोव्हाकियात सिनेमे काढायचे. हे मला शेजारच्या बाईंनी सांगितलं तेव्हा खोटं वाटलं. मी सरळ त्यांनाच विचारलं.

"हो," ते म्हणाले. "पण फोर्कलिफ्ट जास्त चांगली चालवायचो. तिथे कमिटी नव्हती."

घर भाड्याने घेताना त्यांनी आमच्यापुढे स्वतः टाइप केलेला करार ठेवला. बारा नियम. माझ्या वडिलांनी धरणाच्या कागदावर न वाचता अंगठा दिला होता, तेव्हापासून आमच्या घरात वाचल्याशिवाय कुणी सही करत नाही. मी वाचायला बसलो. चौथा नियम होता: भाडेकरूने मंगळवारी शीळ घालू नये.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, हळूच म्हणाली, "अहो, मी कशाला शीळ घालतेय? पण मंगळवारीच का म्हणून?"

मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, नियम आहे. मी म्हणालो, हा बेकायदेशीर आहे. ते म्हणाले, माझं घर. मी म्हणालो, मंगळवार कुणाच्या मालकीचा नसतो. पाऊण तास भांडलो. शेवटी त्यांनी मोठा सुस्कारा टाकून चौथ्या नियमावर पेनाने काट मारली, आणि मी जिंकल्याच्या आनंदात सही ठोकली.

पुढच्या शनिवारी सकाळी ते शिडी घेऊन दारात उभे. छपराच्या पन्हळीत पाला अडकलाय, वर चढ. मी म्हणालो, हे घरमालकाचं काम आहे. त्यांनी करार उघडून दाखवला. नियम नववा. पन्हळ, कुंपणाची झुडपं आणि पुढच्या दारातला बर्फ, सगळं भाडेकरूच्या अंगावर. वाचला होता मी तो. वाचून पुढे गेलो होतो, कारण डोक्यात शीळ वाजत होती.

मी शिडीवर, ते खाली शिडी धरून. तिथेच त्यांनी मला ती युक्ती सांगितली. तिकडे सिनेमा तयार झाला की पाच माणसांच्या कमिटीपुढे दाखवावा लागे. कमिटी म्हणेल ते कापायचं.

"कमिटीला पगार कशाचा मिळतो? काढण्याचा," ते म्हणाले. "काढायला काहीच मिळालं नाही तर घरी जाऊन बायकोला काय सांगतील? म्हणून आपणच त्यांना काढायला काहीतरी द्यायचं."

त्यांच्या पहिल्या सिनेमात एक नगराध्यक्ष तळ्याकाठी भाषण करतो. शूटिंगच्या वेळी एक बदक मध्येच त्याच्या पुढून डुलत डुलत गेलं. स्लावेकांनी ते राहू दिलं. कमिटीने दोन तास त्या बदकावर चर्चा केली. हे बदक कोण आहे? ते डावीकडून उजवीकडेच का जातं? शेवटी बदक कापलं आणि सगळे समाधानाने जेवायला गेले. बाकीच्या सिनेमात त्या नगराध्यक्षाची जी काही फजिती होती ती तशीच्या तशी पास झाली. तेव्हापासून प्रत्येक सिनेमात ते एक बदक ठेवायला लागले. म्हणजे असा एक सीन, जो कमिटीच्या डोळ्यांत खुपलाच पाहिजे. तो कात्रीसाठी. उरलेला सिनेमा आपल्यासाठी.

"मंगळवारची शीळ," मी वरून म्हणालो.

"पाला डावीकडे जास्त आहे," ते म्हणाले.

पुढे पुढे त्यांच्याशी बोलताना माझा गोंधळच व्हायचा. एखादं वाक्य ते मनापासून बोलतायत की मी ते खोडून काढावं म्हणून पुढे टाकलंय, कळायचं नाही. भाडं वाढवायचंय म्हणाले की मी घाबरायचो आणि त्यांना हवा असायचा फक्त सुनंदाच्या हातचा लसणाचा ठेचा. सुनंदाला मात्र असलं काही व्हायचं नाही. तिचं इंग्रजी तेव्हा यथातथाच होतं. ती त्यांच्याशी सरळ मराठीत बोलायची, ते तिच्याशी चेकमध्ये, आणि दोघांचं झकास चालायचं. ती त्यांना आजोबा म्हणायची. त्यांच्याकडे शिंप्याची असते तशी मोठी कात्री होती. सकाळी पेपर आला की आधी त्या कात्रीने नको त्या बातम्या कापून काढायच्या आणि मग उरलेला पेपर वाचायचा, अशी त्यांची रीत. दुपारी तो भोकं पडलेला पेपर वर आमच्याकडे यायचा. सुनंदा म्हणायची, "बरंय, आजोबांनी निवडून दिलाय."

एकदा मी ती युक्ती ऑफिसात करून पाहिली. आमचे मॅनेजर देशपांडे, पुण्याचे. कुठलंही प्रेझेंटेशन दाखवा, काहीतरी बदलायला लावल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मी मुद्दाम एक भयंकर पान घातलं. जांभळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, मध्ये फिरणारा चेंडू. देशपांडे बघत बघत त्या पानावर आले आणि थांबले. मला वाटलं, लागला गळाला. ते म्हणाले, "शिंदे, क्या बात है. हे पान पहिलं घे. आणि बाकीची जरा कमी कर, कंटाळवाणी आहेत." मेडनहेडला क्लायंटपुढे मला तो चेंडू फिरवून दाखवावा लागला.

संध्याकाळी मी हे स्लावेकांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. कात्री हातात घेतली. मग म्हणाले, "हेच. कमिटीला बदक आवडलं तर काय करायचं, हे मी कधी ठरवलंच नव्हतं." आणि दार लावून घेतलं. त्या आठवड्यात वर पेपर आला नाही.

कारण आम्हाला नंतर कळलं. प्रागहून एक मोठं पाकीट आलेलं होतं.

ते समजायला त्यांच्या शेवटच्या सिनेमाबद्दल सांगायला हवं. नाव मराठीत सांगायचं तर 'पाण्याखालचा थांबा'. रशियन रणगाडे येऊन गेल्यानंतरच्या वर्षांतला. एक गाव धरणात बुडालेलं आहे, पण त्या गावची बस बंद करण्याचा हुकूम काढायला कुणीतरी विसरलंय. त्यामुळे ड्रायव्हर आणि कंडक्टर रोज रिकामी बस घेऊन पाण्याच्या काठापर्यंत जातात, पाच मिनिटं थांबतात, घंटा देतात आणि परत येतात. गाव बुडालं हे पूर्ण सिनेमात कुणी एकदाही बोलत नाही. हे ऐकलं तेव्हा मला गावाकडची आठवण झाली. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर धरणात गेलेल्या गावाच्या नावाची पाटी कितीतरी वर्षं तशीच होती, आणि ती बस जायचीही कुठेतरी.

या सिनेमातही स्लावेकांनी बदक ठेवलं. कंडक्टर रिकाम्या बसमध्ये उभा राहून रिकाम्या सीटांपुढे भाषण करतो. कॉम्रेड, पुढे सरका. कॉम्रेड, तुमचं गाव बुडालं असलं तरी तिकीट काढावं लागेल. कमिटीने तो चार मिनिटांचा तुकडा पाहताक्षणी कापला आणि बाकीचा सिनेमा पास केला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. पण कमिटीतल्या एकाने जाता जाता विचारलं, हा भाषण करणारा माणूस कोण?

तो नट नव्हता. स्लावेकांचा शाळेपासूनचा मित्र होता, होन्झा. शाळेत मास्तर होता, हौस म्हणून काम केलेलं. महिनाभरात त्याची मास्तरकी गेली. उरलेलं आयुष्य त्याने एका इमारतीच्या तळघरात बॉयलरमध्ये कोळसा टाकत काढलं आणि तिथेच खोकत खोकत संपला. सिनेमा तीन आठवडे चालला आणि मग तोही कपाटात गेला. स्लावेकांना पुन्हा सिनेमा मिळाला नाही. काही वर्षांनी ते इकडे आले.

आता पाकिटाचं. तिकडच्या एका संग्रहालयाने तो सिनेमा धुऊन-पुसून नवा केला होता. आणि काम करताना त्यांना एका जुन्या डब्यात ती कापलेली चार मिनिटं सापडली. कुणा संकलक बाईंनी डब्यावर भलतीच चिठ्ठी लावून जपून ठेवलेली. त्या लोकांना कोण आनंद. सेन्सॉरने जे कापलं तेच दिग्दर्शकाच्या काळजातलं असणार, असा सरळ हिशोब करून त्यांनी तो तुकडा पुन्हा सिनेमात जोडला. लंडनमध्ये पहिला खेळ ठेवला. आणि सोबत एक फॉर्म पाठवला. त्यावर लिहिलं होतं, हा सिनेमा मला जसा हवा होता तसा आहे. खाली सहीची जागा.

"त्यांनी बदक परत आणलं," स्लावेक म्हणाले. आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, टेबलावर तो फॉर्म आणि त्यावर कात्री. "पूर्ण सिनेमा ज्या गोष्टीवर गप्प बसलाय ती हा माणूस मध्येच उभा राहून बोलून टाकतो. मग सिनेमा उरला कुठे?"

"मग सही करू नका," मी म्हणालो. "लिहून टाका, हा सीन कापण्यासाठीच घेतला होता, काढून टाका."

"आणि हानाला काय सांगू?"

हाना म्हणजे होन्झाची मुलगी. पाकिटात तिचीही चिठ्ठी होती. ती खेळासाठी लंडनला येणार होती, आणि आधी दोन दिवस स्लाऊला त्यांच्याकडे.

"होन्झाला माहीत होतं का, की सीन कापला जाणार?" मी विचारलं.

"माहीत होतं. त्याला फार मजा वाटली होती," ते म्हणाले. मग चहा ओतला आणि म्हणाले, "नाही, मी सांगितलं नव्हतं." आणि आम्ही जिना चढायला लागलो तेव्हा मागून आवाज आला, "कल्पना त्याचीच होती, इंजिनियर."

वर आल्यावर मी सुनंदाला म्हणालो, "यातलं खरं कोणतं?"

ती म्हणाली, "ज्याला ते सर्वांत जास्त भितात ते."

हाना आली ती सप्टेंबरमध्ये. पन्नाशीची, बारीक, आखूड केस, येताना आमच्यासाठीही एक खोकं भरून जिंजरब्रेडची बिस्किटं घेऊन आलेली. इंग्रजी तोडकंमोडकं. अडलं की स्लावेक भाषांतर करायचे, त्यामुळे मधलं किती तिचं आणि किती त्यांचं देव जाणे. पण काही गोष्टी ती स्वतः बोलली. मी इंजिनियर आहे हे कळल्यावर तिने विचारलं, कॉलेजात किती वर्षं? मी म्हणालो, चार. तिने मान हलवली.

"मी शाळेत दुसरी आले होते," ती म्हणाली. "डॉक्टर व्हायचं होतं. कॉलेजची यादी लागली, माझं नाव नाही. पप्पा ऑफिसात विचारायला गेले. तिथली बाई म्हणाली, तुमच्या बसमधल्या रिकाम्या सीटांना विचारा."

नंतर तीस वर्षं ती पोस्टात टपाल निवडत होती. हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं, जसं आपण हवेबद्दल बोलतो. माझ्या डिग्रीचा कागद गावाकडे देवाच्या फोटोशेजारी लावलेला आहे. तिचा गुन्हा काय, तर बापाने चार मिनिटं भाषण केलं, आणि ते भाषणही...

मी स्लावेकांकडे पाहिलं. ते खाली बघत ब्रेडचे तुकडे गोळा करत होते.

"पण पप्पांना वाईट नाही वाटायचं," हाना म्हणाली. "दर न्यू इयरला गोष्ट सांगायचे. कमिटीने सीन कापला, पण व्हिलेम," तिने स्लावेकांकडे बोट केलं, "ऐकेना. रोज जायचा, टेबलावर मूठ आपटायचा. हा सीन नाही तर सिनेमा नाही." तिने दोन्ही हातांची बोटं उघडून दाखवली आणि मग आणखी एक. "अकरा दिवस भांडला. पप्पा म्हणायचे, एवढं कुणी आपल्यासाठी भांडलं की बॉयलर काय, काहीही चालतं."

स्लावेक उठले आणि बागेत गेले. बराच वेळ कुंपणाची झुडपं कापत राहिले, जे करारानुसार माझं काम होतं.

हाना झोपायला गेल्यावर ते जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसले. मी दोन पायऱ्या वर, सुनंदा दारात.

"अकरा दिवस तुम्ही खरंच भांडलात?" मी विचारलं.

"एक मिनिटही नाही. त्यांनी कापतो म्हटलं, मी टोपी घालून निघालो. होन्झाची नोकरी गेल्यावर त्याला काहीतरी सांगायला हवं होतं. म्हणून अकरा दिवस."

मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. म्हणालो, "मग आता तरी खरं सांगा. शिकायला न मिळालेल्या माणसाला निदान खरं तरी मिळायला पाहिजे. आमच्या लोकांना कागदावरचं खरं कुणी सांगितलं नाही म्हणून आमचं गाव गेलं."

सुनंदा मागून मराठीत कडाडली. "मोठे आलात. तिचं कॉलेज गेलं, बाप गेला. आता बापाची ती चार मिनिटंही काढून घ्या तिच्याकडून, म्हणजे तुमचं खरं जिंकलं."

"पण हा त्यांचा सिनेमा आहे. आयुष्यात एवढा एकच उरलाय. तो कायमचा चुकीचा राहणार."

"राहू दे की."

"काय म्हणते ती?" स्लावेकांनी विचारलं.

मी भाषांतर केलं. सगळं, इमानदारीत. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघंही कमिटीत शोभला असता." मग मला म्हणाले, तुझ्या लॅपटॉपवर दोन पत्रं टाइप कर. एकात लिही, सीन माझा नाही, काढा. दुसऱ्यात लिही, सीन माझाच आहे. मी टाइप केली, ऑफिसात प्रिंट काढली. ती दोन्ही त्यांनी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली. फॉर्म वेगळा.

खेळ रविवारी दुपारी होता. स्लाऊहून ट्रेनने गेलो चौघं. स्लावेक आपली बॅग घेऊन निघाले होते, कारण खेळ झाला की हानाबरोबर ते लंडनमध्येच मुक्काम करणार होते आणि सकाळच्या विमानाने पंधरा दिवसांसाठी प्रागला. छोटंसं थिएटर, शंभरेक माणसं. हाना पुढच्या रांगेत, आम्ही तिघं तिच्या मागे.

सिनेमा मी पहिल्यांदाच बघत होतो. रिकामी बस, धुकं, पाण्याचा काठ. लोक हळूहळू हसायला लागले, मग कमी हसायला लागले. आणि तो सीन आला. एक किडकिडीत माणूस तिकिटांचं पाकीट गळ्यात अडकवून बसच्या मधोमध उभा. कॉम्रेड, पुढे सरका. थिएटर खदखदून हसलं. स्लावेकांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. भाषण संपलं. कंडक्टर एकेका रिकाम्या सीटला तिकीट देत मागे मागे गेला, आणि अगदी शेवटच्या सीटपाशी आल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढली. काही न बोलता तिथे उभा राहिला. थिएटर एकदम शांत झालं.

"टोपी काढायला त्याला कुणी सांगितलं?" स्लावेक माझ्या कानाशी पुटपुटले.

"तुम्हीच सांगितलं असेल."

"नाही. मी नाही सांगितलं. मी घड्याळाकडे बघत होतो. कापायचाच होता, एकच टेक घेतला. हे मी कधी पाहिलंच नाही, इंजिनियर."

दिवे लागल्यावर टाळ्या झाल्या. त्यांना स्टेजवर नेऊन बसवलं. एका तरुण मुलीने प्रश्न विचारायला सुरुवात केली. दुसराच प्रश्न तो होता. कंडक्टरचा सीन वाचवण्यासाठी तुम्ही अकरा दिवस सेन्सॉरशी भांडलात असं आम्हाला नटाच्या मुलीने सांगितलं. हे खरं आहे का?

मी पाहिलं, त्यांचा हात स्वेटरच्या आत गेला. दोन पत्रं तिथे होती. हाना खुर्चीत पुढे सरकून बसली होती. सुनंदाने माझा दंड धरला होता, चांगला चिमटा बसेल असा.

त्यांनी हात बाहेर काढला. रिकामा.

"नाही," ते म्हणाले. "बारा दिवस. एक रविवार होता, तो होन्झा मोजायचा नाही. मी त्या दिवशी कमिटीच्या अध्यक्षांच्या घरी गेलो होतो."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. हाना वळून आमच्याकडे बघत होती, बारा बोटं कशी दाखवायची ते न सुचल्यासारखी.

मला काही कळेना. ते साफ खोटं बोलले हे तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण टोपी काढलेला तो माणूसही मी पाहिला होता. तो सीन सिनेमात नको होता हे आजही मला पटतं. आणि तो काढला असता तर मी उठून भांडलो असतो, हेही तितकंच. पुण्याच्या त्या मुलीला मी यातलं काय सांगायला हवं होतं?

बाहेर आलो तेव्हा प्रागचा संग्रहालयवाला फॉर्म घेऊन वाट बघत होता. सही आजच हवी, कॉपी पाठवायची आहे. स्लावेकांनी फॉर्म पूर्ण वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला. मी म्हणालो, तिकडे टेबल आहे. त्यांनी ऐकलं नाही. हानाला चेकमध्ये काहीतरी सांगितलं, ती हसली, वळली आणि थोडी वाकून उभी राहिली. त्यांनी तिच्या पाठीवर कागद ठेवला.

पंधरा दिवसांसाठी गेलेले स्लावेक परत आले नाहीत. हिवाळ्यात तिकडेच वारले. घर एजंटने विकलं, आम्ही वॉटफर्डला गेलो. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे ते अजून तसेच उभे आहेत, त्या थिएटरच्या दारात.

सही मी पाहिली. नाव, आडनाव, खाली एक रेघ. झाली होती. मी कागद घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि नाक लाल झालं होतं. हानाने मागे न वळता, तसंच वाकून विचारलं, "झालं?"

"अजून नाही," ते म्हणाले, आणि पेनाचं टोक कागदाला न लावता हात हलवत राहिले.